बारा बाय बाराचा बफर

चंद्रपूर जिल्ह्यात खालच्या सुरांची टंचाई कधी पडली नाही. पाण्याची पडते, सावलीची पडते, मे महिन्यात भर दुपारी रस्त्यावर माणसांचीही पडते; पण घुमणारा, हादरवणारा, कानाआधी बरगड्यांना कळणारा आवाज इथं बारमाही आहे. कोळशाच्या उघड्या खाणीत दुपारी ब्लास्टिंग होतं. आधी भोंगा होतो, मग काही क्षण काहीच होत नाही, आणि मग आवाजाच्या अगोदर जमीन येऊन पोचते. शोकेसमधल्या बरण्या एकमेकींना कोपराने ढोसतात, भिंतीवरचं कॅलेंडर अंग झटकतं, आणि घरातलं वडीलधारं माणूस पेपरातून डोकं वर न काढता "झाला" म्हणतं. या हादऱ्यांवर खाण सुरक्षा महासंचालनालयाचं १९९७ सालचं परिपत्रक आहे. खाणीबाहेरच्या साध्या घराला कंपनाचा वेग किती चालेल? कंपन ८ हर्ट्झच्या खालचं असेल तर सेकंदाला ५ मिलिमीटर, ८ ते २५ असेल तर १०, त्याच्याही वर गेलं तर १५. म्हणजे सूर जितका खालचा तितकी परवानगी कमी. घरात सबवूफर आणणाऱ्या प्रत्येकाला दुकानदाराने हे परिपत्रक बिलासोबत द्यायला हवं.

रात्री मालगाड्या असतात. दिल्ली–चेन्नईचा मुख्य लोहमार्ग चंद्रपूर-बल्लारशावरून जातो, आणि कोळशाने भरलेली गाडी कानाला नंतर कळते, पलंगाच्या पायांना आधी. ऊर्जानगरला महाऔष्णिक वीज केंद्र आहे, २९२० मेगावॅटचं. तिथलं जनित्र मिनिटाला ३००० फेरे मारतं, म्हणजे सेकंदाला ५०, आणि म्हणून मुंबईच्या मिक्सरपासून सिरोंचाच्या पिठाच्या गिरणीपर्यंत सगळीकडे ५० हर्ट्झची वीज खेळते. पेटीवर हा सूर शोधायला गेलात तर पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधल्या फटीत तो सापडेल, आणि तोही इतक्या खालच्या सप्तकात की घरगुती पेटी तिथवर पोचतच नाही. महाराष्ट्राचा आधारस्वर आमच्याकडे तयार होतो असं आम्ही पाहुण्यांना सांगतो. कोराडी, भुसावळ, परळीही याच सुरात गातात, हे पाहुण्यांना सांगत नाही.

जंगलाचं तर विचारूच नका. एलिझाबेथ फॉन मुगेनथेलर नावाच्या अमेरिकी संशोधिकेने २००० साली वाघांच्या डरकाळ्या मोजल्या, तेव्हा त्यांत १८ हर्ट्झच्या आसपासचा आणि त्याहीखालचा आवाज सापडला. माणसाचा कान २० हर्ट्झच्या खाली हात टेकतो. वनखात्यातून निवृत्त झालेले आमचे शेजारी काकाजी हे पूर्वीपासून सांगत होते; फक्त त्यांनी ते कुठं छापून आणलं नव्हतं. "वाघ कानाले ऐकू येत नाही जी," ते म्हणतात, "पोटाले ऐकू येते." तिकडे गडचिरोली जिल्ह्यात कमलापूरला वनखात्याचा हत्ती कॅम्प आहे. हत्ती एकमेकांशी १४ ते २४ हर्ट्झमध्ये बोलतात, हे केटी पेन या बाईंना १९८४ साली पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींच्या पिंजऱ्याशेजारी बसल्या असताना लक्षात आलं. आवाज काहीच नव्हता, हवा तेवढी धडधडत होती. कमलापूरला हत्तीला केळं देताना आपल्याला जे थोडं अस्वस्थ वाटतं, त्यातला निम्मा भाग भीतीचा असतो. उरलेला बास असू शकतो.

एवढं सगळं फुकट असताना माणूस पैसे मोजून सबवूफर का आणतो? बुकशेल्फ स्पीकरमुळे.

हे नाव ठेवणाऱ्याच्या घरी बुकशेल्फ असावं. आपल्याकडे शोकेस असते. तिच्यात मुलांनी शाळेत मिळवलेले कप, ताडोबाच्या गेटवर घेतलेला लाकडी वाघ, चिचपल्लीच्या बांबू केंद्रातला पेनस्टँड आणि कोणी कधी न वापरलेला सहा कपांचा टी-सेट अशी वर्षानुवर्षांची वस्ती असते. तिथं दोन स्पीकर शिरायचे म्हणजे कुणाला तरी विस्थापित व्हावं लागतं, आणि आमच्या जिल्ह्याला विस्थापनाचा अनुभव दांडगा असूनही पुनर्वसन इथंही रखडतंच. टी-सेट अजून कपाटावर खोक्यात आहे.

या स्पीकरचा पडदा असतो पाच इंची. गाणं गोड वाजतं, शब्द स्वच्छ येतात, सतार समोर बसलेली दिसते. पण ६० हर्ट्झच्या आसपास बिचारा हात जोडतो. यात त्याचा दोष नाही. आवाज तेवढाच ठेवून सूर एक सप्तक खाली न्यायचा तर पडद्याला चौपट मागेपुढे व्हावं लागतं. दोन सप्तकं खाली न्यायचा तर सोळापट. पाच इंची पडद्याने सोळापट उडी मारली तर तो स्पीकरमधून बाहेर येऊन टीपॉयवर पडेल. काळी एकमध्ये गाणाऱ्या गवयाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार जेमतेम ६९ हर्ट्झला बोलते, म्हणजे छोट्या स्पीकरच्या अगदी उंबरठ्यावर. तरी आजवर लोकांनी पितळी जाळीच्या रेडिओवर आणि हातभर टेपरेकॉर्डरवर मैफिली ऐकल्या आणि खर्ज ऐकल्याची शपथही घेतली. ती खोटी नव्हती. वरचे स्वरांश मिळाले की मेंदू खालचा मूळ सूर स्वतःच भरून काढतो. कान हा फार सोशिक अवयव आहे. पण शेजारच्या घरात नवीन काहीतरी वाजायला लागलं की त्याचा सोशिकपणा संपतो.

बाजारात बास पूर्वीपासून किलोच्या भावाने मिळतो. कुठल्याही आठवडी बाजारात निळे-लाल दिवे लुकलुकणारा एक डबा असतो, त्याच्या दोन बाजूंना दोन लहान डबे, आणि पुठ्ठ्यावर हजारांत लिहिलेले वॅट. हे वॅट पीएमपीओ जातीचे असतात. या जातीचे वॅट फक्त पुठ्ठ्यावर राहतात, तारेत उतरत नाहीत. त्या सगळ्या संचाला लोक मिळून बफर म्हणतात, आणि त्याच्याकडून अपेक्षा एकच: लावल्यावर चौकापर्यंत कळलं पाहिजे. स्पीकरशी जुळवून घ्यायचं, हा विचार त्या बफरला कोणी सांगितलेला नसतो.

आमचा सबवूफर नागपूरहून आला. दहा इंची, चौकोनी, काळा, समोर एकही दिवा नाही. आईने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "बंद आहे का?" चालू होता. सुतारकाम करणारे आमचे ओळखीचे मिस्त्री मुद्दाम बघायला आले, पेटीवर टिचकी मारली आणि त्यांचा चेहरा उतरला. "हा तर भुसा हाय जी." ज्या जिल्ह्यांतल्या सागाचे ओंडके अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी गेले, तिथं एवढे पैसे देऊन भुसा दाबलेली फळी विकत आणणं त्यांना पटेना. आलापल्लीच्या सागाची पेटी मी तुम्हाला निम्म्यात करून देतो म्हणाले. त्यांना समजावणं अवघड गेलं, कारण सागाबद्दल त्यांचं बरोबरच होतं. पण पेटीने गायचं नसतं. साग रेषेरेषेने गातो, पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आवळतो. भुश्याची फळी सगळीकडून सारखी मुकी असते, आणि इथं मुकेपणाचेच पैसे द्यायचे. मिस्त्रींनी जाताना स्पीकरच्या पडद्याला हात लावून पाहिला. तो कागदाच्या लगद्याचा आहे म्हटल्यावर त्यांनी बल्लारपूरच्या कागद गिरणीच्या दिशेने पाहिलं आणि गप्प बसले.

जागेचा प्रश्न त्यानंतर सुरू झाला. दुकानदाराने सांगितलं होतं, कोपऱ्यात ठेवा. वास्तूचं थोडंफार जाणणाऱ्या मावशींनी सांगितलं, जड वस्तू नैर्ऋत्येला ठेवा. नैर्ऋत्येला लोखंडी कपाट होतं, आणि त्याला हलवायचं तर घर बांधतानाच हलवायला हवं होतं. सबवूफर त्याच्याच शेजारी टेकला आणि त्याने पहिल्या तासात घरात काय काय सैल आहे याची यादी काढून दिली. कपाटाची मूठ, किल्ल्यांचा जुडगा, ट्यूबलाइटची पट्टी, खिडकीची एक काच, आजोबांच्या फोटोची फ्रेम आणि शोकेसची सरकती दारं. प्रत्येकाचा आवडता सूर वेगळा. तबल्यावर डग्गा घुमला की फोटो बोले, मृदंग आला की काच. १९७४ साली हॉलिवूडमध्ये ‘अर्थक्वेक’ नावाचा सिनेमा लावला, तेव्हा भूकंपाचे प्रसंग खरे वाटावेत म्हणून थिएटरात प्रचंड बास-स्पीकर बसवले होते, आणि एका जुन्या थिएटरात छताचे पोपडे प्रेक्षकांवर पडू नयेत म्हणून जाळी बांधावी लागली होती. आमच्याकडे जाळीपर्यंत मजल गेली नाही. कागदाच्या घड्या घालून फटीत खोचल्या. त्या खोचताना असं लक्षात आलं की बऱ्याच फटींत आधीपासूनच घड्या होत्या, खाणीच्या ब्लास्टिंगसाठी खोचलेल्या. पूर्वजांनी कामाचा पाया घालून ठेवला होता.

मग इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याने रांगायची पद्धत सांगितली. ही पद्धत जगभर चालते आणि तिच्यात खोटं काहीच नाही. सबवूफर आपल्या बसायच्या खुर्चीत ठेवायचा, खर्जाचं काहीतरी लावायचं, आणि आपण जमिनीवर हातापायांवर होऊन भिंतीच्या कडेकडेने फिरायचं. जिथं बास सरळ, भरीव आणि फुगा न येता ऐकू येईल, तिथं खूण करायची; सबवूफरची जागा ती. आवाजाची वाट दोन्ही दिशांना सारखीच, म्हणून इथला तिथं जसा ऐकू येतो तसाच तिथला इथं. शास्त्र म्हणून हे निर्दोष आहे. घरात मात्र बाबांच्या आरामखुर्चीत एक काळी पेटी टेकून बसलेली, आणि कर्ता पुरुष दिवाणाखाली डोकं घालून ऐकत असलेला, हे चित्र तेवढंच निर्दोष नव्हे.

काकाजी नेमके त्याच वेळी दारात आले.

"काय हरवलं जी?"

"बास हरवला म्हणते," आईने सांगितलं.

काकाजींनी चप्पल काढली, धोतर खोचलं आणि तेही खाली बसले. पंजाचे ठसे पाहत सारी नोकरी वाकून काढलेल्या माणसाला हे काम परकं नव्हतंच. भिंतीची एक बाजू त्यांनी मला दिली, दुसरी स्वतः घेतली. "इथं हाय. इथं मेला. इथं पुन्हा उठला. इथं तर जोडा हाय." खडूने त्यांनी फरशीवर खुणा केल्या, आणि खोलीच्या बरोबर मध्यावर येऊन थांबले. "इथं काहीच नाही जी. मोकळं रान."

ते बरोबर होते, आणि याचं कारण खोली. आमची समोरची खोली बारा बाय बारा आहे, आणि महाराष्ट्रात बारा बाय बाराच्या खोल्या इतक्या आहेत की हा परिच्छेद मी सर्वांसाठी लिहितो आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मध्ये ज्या सुराची लाट अर्धी बरोबर मावते, तो सूर खोली स्वतःहून धरून ठेवते. बारा फुटांत तो साधारण ४७ हर्ट्झ निघतो. लांबीही बारा, रुंदीही बारा, म्हणजे दोन्ही जोडभिंती एकाच सुराला धरून बसतात. भिंतींजवळ तो सूर ढोलाएवढा, खोलीच्या मध्यावर जवळजवळ शून्य. चौरस खोली वास्तूला शुभ असेल, बासला ती अत्यंत अशुभ. बारा बाय पंधरा असती तर हा भार दोन सुरांत वाटला गेला असता. पण घर बांधताना सबवूफरची पत्रिका कोण पाहतं?

आणि हा सूरही स्थिर नाही. हवा तापली की आवाज वेगाने धावतो. डिसेंबरच्या पहाटे दहा अंशांना चंद्रपुरात आवाज सेकंदाला सुमारे ३३७ मीटर जातो, आणि मे महिन्यात पारा ४७ वर गेला की ३५९ मीटर. त्याबरोबर खोलीचा सूर ४६ वरून ४९ वर सरकतो. म्हणजे हिवाळ्यात बसवलेला सबवूफर उन्हाळ्यात बेसूर होतो, आणि ऐन उन्हाळ्यात तर खोली ऊर्जानगरच्या ५० हर्ट्झच्या उंबरठ्यावर जाऊन बसते. पुण्याच्या माणसाला हे दुःख सांगून कळायचं नाही.

उन्हाळ्यात तसं सबवूफरला कामही नसतं, कारण एप्रिलपासून कूलर असतो. विदर्भाचा कूलर हे पत्र्याचं कपाट असतं, खिडकीत बसवलेलं, तीन बाजूंना गवताची जाळी आणि आत पंखा. पंख्याची मोटर मिनिटाला साधारण १४०० फेरे मारते आणि पाती तीन. गुणाकार करा, सेकंदाला ७० फटके होतात. सबवूफर आणि छोटे स्पीकर जिथं एकमेकांच्या हातात हात देतात, नेमक्या त्याच जागी कूलर आपला सूर लावून बसतो, आणि पत्रा साथीला असतो. चंद्रपुरात एप्रिल ते जून या काळात कुणीही बासबद्दल मत व्यक्त करू नये. ते मत कूलरचं असतं.

जागा ठरली ती दिवाण आणि शिलाई मशीन यांच्या मधली. काकाजींचा खडू तिथं सगळ्यांत समाधानी होता. बायकोच्या मशीनवर गल्लीतल्या निम्म्या बायकांची अर्धवट शिवलेली ब्लाउजं असतात, आणि तिथं येऊन उभं राहणाऱ्या प्रत्येकीला टेकायला काहीतरी लागतं. सबवूफरची उंची टेकायला बेताची निघाली. आधी त्याच्यावर क्रोशाचं कव्हर आलं, मग मनीप्लांट. भाचा हळहळला, पण खर्जाला कापड अडवत नाही, आणि मनीप्लांटचंही त्याच्यावर बरं चाललंय. गाद्यांची उतरंड मात्र काकाजींच्या सल्ल्याने त्या खडूच्या ‘जोड्या’च्या कोपऱ्यात हलवली. ५० हर्ट्झची लाट सात मीटरची. चार गाद्या तिला गिळू शकत नाहीत, थोडी दमवतात. लग्नसराईत पाहुणे आले आणि गाद्या अंथरल्या गेल्या की घरात बास वाढतो, हे मी मोजून सांगतो.

गुणगुण वेगळीच. गाणं बंद असलं तरी सबवूफर हलक्या आवाजात एक सूर धरून बसायचा. कोणता, ते सांगायला नको. इलेक्ट्रिशियन आला, त्याने बोर्ड उघडला, आणि तीन पिनांच्या प्लगाची तिसरी पीन कुणीतरी करवतीने कापलेली दाखवली. अर्थिंग आहे का म्हटल्यावर तो म्हणाला, "आहे ना जी, मातीत आहे." माती उन्हाळ्यात इतकी कोरडी होते की तिच्यात वीज शिरायला तयार नसते, खड्ड्यात दोन बादल्या पाणी आणि मीठ टाकल्यावर अर्थिंगला शुद्ध आली. तरी गुणगुण उरलीच. अॅम्प्लिफायर एका बोर्डावर, सबवूफर दुसऱ्या, आणि डिशची केबल छपरावरून तिसरीकडून जमीन घेऊन येणारी. तिघांच्या जमिनीत फरक, आणि तो फरक सबवूफर इमानाने वाजवून दाखवत होता. सगळं एकाच बोर्डावर आणल्यावर आणि डिशची केबल बाजूला केल्यावर तो गप्प झाला. ज्यांच्या घरी असा सूर लागत असेल त्यांनी आधी एवढं करावं. सोन्याच्या टोकाची नवी वायर नंतरही घेता येईल.

तरीही गाणं आणि बास ही दोन वेगळी घरं वाटत होती. शोकेसमध्ये गायक, मशीनखाली कोणीतरी ढोल घेऊन दडलेला. हे सोडवलं ते वडश्याहून आलेल्या मेहुण्याने. बायकोचा हा मावसभाऊ झाडीपट्टीच्या नाटकांना साउंड देतो. ज्यांना झाडीपट्टी रंगभूमी माहीत नसेल त्यांच्यासाठी: दिवाळी झाली, धान निघालं, मंडया, म्हणजे जत्रा, सुरू झाल्या की गडचिरोली-चंद्रपूर-भंडारा-गोंदियाच्या गावागावांत मांडव पडतात आणि रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या कंपन्यांचं ठाणं. हजारोंची गर्दी, ऑर्गन, तबला, लावण्या, रडवणारा तिसरा अंक, आणि २०२३ साली परशुराम खुणे यांच्या रूपाने या रंगभूमीला पद्मश्रीही मिळाली. अशा नाटकांना साउंड देणारा माणूस रोज वेगळ्या गावात, वेगळ्या मांडवात, हजारो लोकांपुढे बफर जुळवतो. आणि आम्ही एका खोलीत अडलो होतो.

तो आला, जेवला, पडला, उठला, चहा घेतला, आणि मग एक गाणं ऐकलं.

"बफर बेस आहे जी भाऊजी. खोलीच बेस नाही."

हे आम्हाला भाच्याच्या आलेखांतून कळायला बराच काळ गेला होता. "आमच्याकडं धानाच्या बांधीत भिंतच नाही," तो म्हणाला, "मंग घुमन कोठून? तेथं बास कमी पडते, पन खोटा पडत नाही." उघड्या शेतातला बास त्याच्या ओळखीचा होता, चार भिंतींनी फुगवलेला बास त्याला नाटकात मध्येच घुसलेल्या गावच्या पुढाऱ्याएवढाच नकोसा होता.

त्याने मागे हात घालून एक लहान बटण इकडचं तिकडे केलं. फेजचं बटण, शून्य किंवा एकशे ऐंशी. दोघांनी मिळून कपाट उचलायचं आणि एकाने वर न्यायचं त्याच क्षणी दुसऱ्याने खाली टेकवायचं, असं जे चाललं असतं ते या बटणाने थांबतं: स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा सबवूफरचाही पुढेच यावा. नाहीतर दोघंही घाम गाळतात आणि जुळणीच्या जागेवर नेमका खड्डा पडतो. बटण बरोबर कोणत्या बाजूला, हे ठरवायला त्याने मला बाहेर काढलं. "ताई, तू आयक. भाऊजीचे कान दुकानात रायले." बायको माझ्या जागेवर बसली, त्याने बटण दोनदा हलवलं, आणि तिने शिवता शिवता सांगितलं, "दुसरं. दुसऱ्यात आवाज भरला." झालं. ज्या बाजूला सुरांच्या सांध्यावर आवाज जास्त भरतो ती बाजू बरोबर. यापेक्षा जास्त त्यात काही नाही.

सांधा कुठं ठेवायचा, म्हणजे कोणत्या सुरापासून खालचं सबवूफरने घ्यायचं, यावर भाच्याने तोंड उघडलं. ८० हर्ट्झचा आकडा जगभर रूढ आहे. १९८३ साली चंद्रपूरच्या वीज केंद्राचा पहिला संच सुरू झाला, आणि त्याच वर्षी अमेरिकेत लुकासफिल्ममधल्या टॉमलिन्सन होल्मन या ध्वनितज्ज्ञाने घडवलेली टीएचएक्स पद्धत चित्रपटगृहांत आली. पुढे घरगुती संचांसाठी तीच मंडळी ८० च्या रेघेवर थांबली, कारण तिच्या खालचा आवाज कोणत्या दिशेने येतो हे कानाला सहसा ओळखू येत नाही. त्या लाटेची लांबी सव्वाचार मीटरच्या वर. माझ्या खोलीत ती पुरती मावतसुद्धा नाही, तर डोक्याच्या दोन बाजूंना असलेल्या कानांनी तिचा पत्ता काय काढायचा? मेहुण्याने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि नॉब ८० वरून किंचित खाली, सत्तरच्या जवळ आणला. "तुमचे लहान स्पीकर अजून काम करू शकते. त्यायले कायले रिकामं बसवता?"

मग त्याने आवाजाचा नॉब धरला आणि कमी केला. पुन्हा कमी केला. दुपारच्या एकावर उभा असलेला काटा सकाळच्या नऊपर्यंत आला. भाच्याच्या चेहऱ्यावर आम्ही एवढे पैसे कशासाठी दिले हा प्रश्न स्पष्ट होता. मेहुण्याने त्याला एकच गोष्ट सांगितली, जी कोणत्याही मासिकात मी वाचली नव्हती: "संवाद समजले नाही तं पब्लिक उठून जाते. बफर कमी हाय म्हनून आजवर कोनी उठलं नाही."

गाणं पुन्हा लागलं. मशीनखालचा ढोलवाला निघून गेला होता. तानपुऱ्याचा खर्ज शोकेसमधून, टी-सेटच्या मोकळ्या जागेवरून, गायकाच्या पाठीमागून येत होता, आणि सबवूफर चालू आहे की बंद, हे पाहायला मनीप्लांट बाजूला करून त्याच्या मागचा बारीक दिवा बघावा लागत होता.

यात एक अडचण आहे, ती आधीच सांगून ठेवतो. येणारा प्रत्येक जण निराश होतो. नागपूरहून बफर आणला हे गल्लीला माहीत असतं, लोक ऐकायला येतात, मशीनजवळ त्याच्यावरच टेकतात, गाणं संपतं, आणि विचारतात, "आता बफर लावा ना जी." लागलाच होता म्हटलं तर विश्वास ठेवत नाहीत. एका पाहुण्याने अॅम्प्लिफायरचा आवाज वाढवून पाहिला आणि आजोबांचा फोटो बोलला, तेव्हा कुठे त्याला पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं. आईचं मत वेगळं आहे. ती तुकडोजी महाराजांची भजनं लावते, आणि खंजेरीत ७० हर्ट्झच्या खाली फारसं काही नसतं, म्हणजे त्या वेळी सबवूफर नुसता टेबल असतो. तिच्या मते संच आता उत्तम झाला, आणि ही सुधारणा अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ टाकल्यामुळे झाली.

तेव्हा घेणार असाल तर अवश्य घ्या. चौरस खोली टाळता आली तर टाळा, कोपऱ्याच्या मोहात पडू नका, रांगताना दाराची कडी लावून घ्या, सगळे प्लग एका बोर्डावर ठेवा, आणि आवाजाचा नॉब जिथं छान वाटेल त्याच्या थोडा खाली आणून तिथंच सोडा. किंमत कुणी विचारली तर निम्मी सांगा, कारण ऐकणाऱ्याला तीही जास्तच वाटणार आहे. आणि चंद्रपूरला आलात तर घरी या, जरूर ऐकवतो. फक्त दिवाळीनंतर या. मे महिन्यात आलात तर कूलर ऐकावा लागेल.